चिंपांझी आणि अंक: आयुमूच्या चाचणीतून नेमके काय सिद्ध होते?

जपानमध्ये इनुयामा येथे तेत्सुरो मात्सुझावा यांनी ‘आई’ नावाच्या चिंपांझी मादीला अंक शिकवले. (नाव जपानी आहे, पण पुढे येणाऱ्या आयुमूची ती खरोखरच आई!) 1985 मध्ये त्यांनी दाखवून दिले की समोरच्या वस्तूचे नाव, रंग आणि 1 ते 6 पर्यंतची संख्या ती चिन्हांनी सांगू शकते. क्रमाची सक्ती नव्हती, तरीही संख्या ती शेवटी सांगे.

आता 2007 ची प्रसिद्ध चाचणी पाहू. टच-स्क्रीनवर पाच अंक क्षणभर दिसतात, मग त्यांच्या जागी पांढरे चौकोन येतात. ते चौकोन अंकांच्या चढत्या क्रमाने स्पर्श करायचे. अंक फक्त 210 मिलिसेकंद दिसले तेव्हा आयुमू सुमारे 80 टक्के वेळा बरोबर आला, विद्यापीठातील विद्यार्थी सुमारे 40 टक्के. ‘माणूस हरला’ अशी चर्चा झाली.

पण प्रयोगाची मांडणी तपासा. आयुमूचा सराव प्रदीर्घ होता, विद्यार्थ्यांचा तुलनेने नगण्य. म्हणजे इथे दोन चल एकदमच बदलले: प्रजाती आणि सराव. प्रयोगशाळेच्या जर्नलमध्ये असा तक्ता आला तर मी तो परत करीन. 2010 मध्ये कुक आणि विल्सन यांनी दोन विद्यार्थ्यांकडून भरपूर सराव करून घेतला. दोघांनीही आयुमूला गाठले.

शिवाय या चाचणीत 7 म्हणजे सात वस्तू हे कळण्याची गरजच नसते. 5 नंतर 7 येतो एवढे पुरते.