कमुतिकला खिळा नसतो

इन्युइट लोकांची बर्फावरची गाडी, म्हणजे कमुतिक, पहिल्यांदा पाहणाऱ्याला साधीसुधी वाटते. दोन लांब घसरफळ्या, पुढच्या टोकाला वर वळवलेल्या. त्यांवर ओळीनं आडव्या पट्ट्या, आणि सगळं दोरीनं बांधलेलं. खिळा कुठेच नाही. कारण समुद्रावरचा बर्फ सपाट नसतो. भरती-ओहोटीनं तो फुटतो, त्याचे उंचवटे होतात. गाडीची एक बाजू वर चढते तेव्हा दुसरी अजून खालीच असते. ठोकलेला सांधा अशा हिसक्यांनी खिळखिळा होतो. बांधलेला सांधा पिळवटतो आणि परत जागेवर येतो.

कॅनडाच्या उत्तरेतल्या इन्युइट वस्त्यांत तरुणांना हातकाम शिकवताना ही गाडी अनेकदा बांधायला घेतात. मला ही निवड फार शहाणपणाची वाटते. मोजणं, कापणं, रंधा मारणं, भोकं पाडणं, सगळी सुतारकी तिच्यात येते. आणि तयार झालेली वस्तू नुसती मांडून न ठेवता स्नोमोबाइलमागे शिकारीला जाते.

अशा वर्गाला दोन प्रकारचे गुरू लागतात. एक गावातले वडीलधारे, ज्यांनी ही गाडी बांधून तिच्यावर आयुष्य काढलं आहे. दुसरा परवानाधारक कारागीर, ज्याला नकाशा, यंत्रं आणि सुरक्षिततेचे नियम ठाऊक आहेत. वडीलधाऱ्यांची रीत बाहेरच्या माणसाला कळायला वेळ लागतो. ते फारसं समजावून सांगत नाहीत, करून दाखवतात. मुलगा पाहतो, मग स्वतः करतो, चुकला तर सोडून पुन्हा बांधतो. पाहून, सरावानं, मेहनतीनं हात तयार होणं, याला इन्युइटांच्या इनुक्टिटुट भाषेत पिलिम्माकसार्निक म्हणतात, आणि कॅनडाच्या उत्तरेतल्या नुनावुत प्रदेशाच्या सरकारनं ज्या पारंपरिक तत्त्वांवर कारभार चालवायचं ठरवलं त्यांत हे एक आहे. चारचौघांत रागावणं या रीतीत बसत नाही. दक्षिणेकडून आलेल्या शिक्षकाला हे गप्प बसणं शिकावं लागतं.

पूर्वी हे घराघरांत आपोआप होत असे. विसाव्या शतकाच्या मध्याला इन्युइट कुटुंबं कायमच्या वस्त्यांत आणली गेली, अनेक मुलं दूरच्या निवासी शाळांत नेली गेली, आणि वडिलांशेजारी बसून शिकायची वर्षंच हातातून गेली. आजच्या वर्गातला वडीलधारा माणूस ती तुटलेली जागा सांधतो आहे. त्याला ‘सांस्कृतिक पाहुणा’ म्हणून तासाभरासाठी बोलावणं हा त्याचा अपमान आहे. शिक्षकाइतकाच त्यालाही पूर्ण मोबदला मिळाला पाहिजे.

शिकण्यात गाडीनंतर घर येतं. तिथली जमीन बारमाही गोठलेली. घराची ऊब खाली उतरली तर जमीन वितळते आणि घर खचतं. म्हणून घरं खांबांवर उचललेली असतात आणि खालून थंड वारा खेळता ठेवतात. बहुतेक वस्त्यांत पाणी टँकरनं येतं, घराच्या टाकीत भरतं. सांडपाण्याची टाकी वेगळी. घर तापवणारी भट्टी तेलावर चालते. हिवाळ्यात ती बंद पडली तर काही तासांत नळ गोठतात. त्यामुळे सुतारकाम, नळकाम, वीज आणि भट्टीदुरुस्ती यांचं थोडंथोडं जाणणारा घरदुरुस्तीचा कारागीर नुनावुतमध्ये स्वतंत्र व्यवसाय म्हणून मान्य आहे. 2021 च्या जनगणनेनुसार उत्तरेतल्या इन्युइट प्रदेशांत राहणाऱ्या निम्म्याहून अधिक इन्युइट लोकांना दाटीवाटीच्या घरांत राहावं लागतं. गावातच कारागीर असणं किती मोलाचं, ते इथे कळतं.

पुढची वाट उमेदवारीची. हडसन उपसागराच्या पश्चिम काठावर रँकिन इनलेटला ‘सनातुलिकसार्विक’ ही व्यवसायशाळा 2010 मध्ये सुरू झाली; ‘सना’ या धातूतच घडवणं आहे. सुतारकीची उमेदवारी साधारण चार वर्षांची: दर वर्षी काही आठवडे वर्ग, उरलेला वेळ प्रत्यक्ष काम, त्याच्या तासांची नोंद. शेवटची परीक्षा झाली की ‘रेड सील’ हे प्रमाणपत्र मिळतं, ते कॅनडाभर चालतं.

अडकतं ते इथे. प्रवेशपरीक्षेत अपूर्णांक असतात. आणि नुनावुतच्या 25 वस्त्यांना जोडणारा एकही रस्ता नाही. शाळेला विमानानंच जावं लागतं, लहान मूल घरी ठेवून. वाट दाखवणाऱ्यांचं निम्मं काम म्हणूनच वर्गाबाहेरचं असतं: अर्ज भरून घेणं, मूल सांभाळणारं कोणी शोधणं, उमेदवाराला कामावर घेणारा ठेकेदार गाठणं. अपूर्णांक मात्र गाडी बांधतानाच गिरवून घेता येतात, कारण पट्ट्यांमधली अंतरं मोजून सारखी ठेवावीच लागतात.

वेळापत्रकही तिथल्या ऋतूंचंच हवं. जड सामान जहाजानं येतं, तेही बर्फ सुटलेल्या उन्हाळ्यात. मागणीत एखादी वस्तू राहिली तर ती पुढच्या वर्षी, नाहीतर महागड्या विमानानं. वसंतात हंस परततात तेव्हा सगळे शिकारीला जातात आणि वर्ग रिकामा होतो. जाणता आयोजक ती सुट्टी आधीच धरून चालतो, आणि गाडी त्याच्या आत पुरी करून घेतो.

मग ती बर्फावर नेतात. पूर्वी बांधणीला सीलच्या कातड्याची वादी असे. ओली बांधली की वाळताना आवळत जाई. आजची नायलॉनची दोरी आवळत नाही, म्हणून सगळा ताण बांधणाऱ्याच्या हातांनीच द्यावा लागतो. सामान लादून गाडी उंचवट्यांवरून ओढतात, थांबवतात, आणि ज्यानं बांधली तो गुडघ्यांवर बसून एकेक गाठ बोटांनी चाचपून पाहतो.