कॅरेट कुणाचं?

फोन आला तेव्हा दाजी, म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान, पिकअपच्या मागच्या चाकाशी उकिडवे बसून टायरच्या नक्षीत अडकलेले खडे स्क्रूड्रायव्हरनं उकरत होते. दुपारचे दोन वाजले असतील. फोन खांद्यात दाबला, हात चालूच. "बोला आबा. किती हायती? पंच्याहत्तर... बरं." आता भाड्याचा आकडा निघेल म्हणून मी कान टवकारले. दाजींनी विचारलं, "क्यारेट कुणाचं?"

पलीकडून काहीतरी उत्तर आलं. दाजींनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला, उठले, हौद्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "अर्ध्या तासानं सांगतो." नंतरच्या त्या अर्ध्या तासात त्यांनी पुण्याला चार फोन केले, आणि आबांच्या डाळिंबांबद्दल एकाही फोनवर ते एक शब्दसुद्धा बोलले नाहीत.

म्हसवडमध्ये स्वतःची एकच गाडी असलेले, कुठल्या ट्रान्सपोर्ट कंपनीला न बांधलेले पिकअपवाले कमी नाहीत. माणदेशातला माल तसाही तुकड्या-तुकड्यांनी निघतो. एका बागेत एका तोडणीला मोठा ट्रक भरेल एवढं डाळिंब क्वचित मिळतं. साठ-सत्तर कॅरेट, दहा-पंधरा शेळ्या, जळालेली पाणबुडी मोटर, मांडवाचं सामान, अशी ही भाडी. 2005 साली टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, आला आणि हौसेनं गाडी घेणाऱ्यांची रांग लागली. पुढं पुण्या-मुंबईचा माल मिळायला लागला तसे बरेच जण दीड-पावणेदोन टनाच्या पिकअपवर आले. गाडी कर्जानं कुणालाही मिळते. भाडं शोधायचं मात्र कुणी शिकवत नाही. म्हणून मी दाजींबरोबर एक फेरी करायची ठरवली.

कॅरेट कुणाचं, हा प्रश्न आधी समजून घेतला पाहिजे. डाळिंब पुठ्ठ्याच्या खोक्यात भरलं तर खोकं पुण्यातच जातं. कॅरेट व्यापाऱ्याचं असेल तर तेही तिथंच राहतं. पण शेतकऱ्याचं स्वतःचं असेल, तर ते मोजून परत आणावं लागतं, आणि प्लॅस्टिकचं कॅरेट काही ताटल्यांसारखं एकमेकांत बसत नाही. भरलेलं जेवढी जागा खातं, तेवढीच रिकामं खातं. पंच्याहत्तर रिकामी कॅरेट म्हणजे वजन जेमतेम दीडशे किलो आणि हौदा भरलेला. परतीचं भाडं गेलं.

आणि परतीचं भाडं गेलं तर काय होतं? त्या रात्रीच्या फेरीचाच हिशेब घ्या. कॅरेटमागं पन्नास रुपये, पंच्याहत्तर कॅरेट, एकूण 3,750. जाऊन-येऊन साडेतीनशे किलोमीटर, गाडी लिटरला अकरा देते, म्हणजे बत्तीस लिटर डिझेल, सुमारे 2,900 रुपये. चहा, जेवण, पार्किंग तीनशे. उरले साडेपाचशे. बँकेचा हप्ता आणि विमा दिवसावर वाटला तर साडेसहाशे पडतात. म्हणजे रात्रभर जागून शंभर रुपये घरातून घालायचे! टायर यात धरलेलेच नाहीत. जाण्याच्या भाड्यावर खूश होणारा माणूस या धंद्यात दोन वर्षं टिकत नाही, हे दाजींचं मत. दोन वर्षं जास्तच धरलीत असं मला वाटतं.

आबांची कॅरेट स्वतःची होती. चौथ्या फोनवर दाजींना हवं ते परतीचं भाडं मिळालं: तीस पोती पशुखाद्य, पन्नास किलोंची, गोंदवल्याच्या दुकानासाठी. भाडं 2,200, मध्ये दलालाचे दोनशे. याआधी दुसऱ्या फोनवर ठिबकच्या नळ्यांची बंडलं मिळत होती आणि त्यांना तीनशे रुपये जास्त होते. ती त्यांनी सोडली. मला कळेना. "नळ्या फुगीर हायत्या, पाव्हणं," दाजी म्हणाले, "कॅरेटाखाली बसका माल पायजे." मग आबांना फोन गेला: येतो.

आठवडा कसा मांडायचा, हेही मला आदल्या शनिवारी दिसलं होतं. पुण्यातल्या गुलटेकडीचा फळबाजार शनिवारी बंद असतो, त्यामुळं शुक्रवारी रात्री कुणी माल पाठवत नाही आणि रविवारच्या बाजारासाठी शनिवारी रात्री गाडी मिळत नाही. त्या रात्री कॅरेटचा दर पासष्टपर्यंत चढला होता. गल्लीतल्या सगळ्या पिकअप गेल्या. दाजींची दारात उभी. बहीण चिडली, मीही मनातून चिडलो. पण रविवारी पुण्यात भुसार विभाग बंद, दुकानं बंद, परतीला काही नाही. पासष्टनं गेलेला माणूस सतराशे रुपये घेऊन येतो, मधल्या वारी पन्नासनं गेलेला अडीच हजार. वहीत लिहून दाखवल्यावर बहिणीचा राग गेला. पटलं असेलच असं नाही.

आबांची बाग धुळदेवच्या बाजूला होती. मार्गशीर्षातली थंडी, म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ होऊन आठवडा झाला होता आणि यात्रेतले पाळणेवाले नुकतेच हलले होते. यात्रेत येणाऱ्या दुकानदारांची भाडी दाजी दरवर्षी धरतात, कारण ती दोन्हीकडची असतात: आणायचंही आपणच, न्यायचंही आपणच. बागेत बॅटरीच्या उजेडात मोजणी झाली. पंच्याहत्तरचे चौऱ्याऐंशी झाले होते. आबा म्हणाले, न्या की वरच्या थराला. दाजींनी शहात्तर घेतली आणि थांबले. डाळिंबाचे वीस किलो सगळे मोजतात, कॅरेटचे दोन किलो कुणी मोजत नाही; शहात्तर कॅरेट म्हणजे 1,672 किलो आणि गाडीचं पासिंग सतराशेचं. आठ कॅरेटचे चारशे रुपये. जादा वजनाचा दंड मोटार वाहन कायद्यानं वीस हजारांपासून सुरू होतो, वर टनाला दोन हजार. आबांचा चेहरा पडला, पण उरलेली आठ दुसऱ्या दिवशी आटपाडीला लावू म्हणाले.

दहिवडी मागं पडली की मोगराळे घाट. उतारावर दाजी दुसऱ्या गिअरमध्ये, ब्रेकला पाय न लावता. फलटण, लोणंद, नीरा. जेजुरीत चहा. त्या चहावर त्यांनी धंद्यातली ठेच सांगितली. नवी गाडी असताना पुण्यातल्या एका दलालानं कोल्हापूरचं भाडं दिलं, निम्मे पैसे आधी, निम्मे पोचल्यावर. पोचल्यावर फोन बंद. अडीच हजार गेले. तेव्हापासून नियम एकच: माल उतरायच्या आधी पैसे, नाहीतर ओळखीचा माणूस. डाळिंबात ती भीती नसते, कारण भाडं अडत्याच गाळ्यावर रोख देतो आणि शेतकऱ्याच्या पट्टीतून कापून घेतो.

मोबाइलवर भाड्यांचे ग्रुप ढिगानं आहेत. दाजी तेरा ग्रुपमध्ये आहेत. 'पुणे ते सातारा गाडी खाली आहे' असा संदेश टाकला की पाच मिनिटांत दर येतो, आणि तो पडलेलाच असतो. साहजिक आहे. खाली गाडी उभी आहे हे जगाला ओरडून सांगितल्यावर दर कोण चढवून देईल? म्हणून ते तिथं फक्त वाचतात, लिहीत नाहीत. त्यांची खरी यादी वेगळी, वहीच्या मागल्या पानावर पेन्सिलीनं: कुठल्या गावातलं कुठलं खाद्याचं दुकान, महिन्यात किती पोती, माल कुठून घेतं. असे अकरा दुकानदार. बारावा मिळाला की ग्रुप सोडणार म्हणाले.

दिवे घाट उतरून हडपसर, गुलटेकडीला साडेतीन. हमालांनी माल उतरवला, लिलाव उजाडल्यावर. सकाळी रोख 3,800 हातात आले आणि रिकामी कॅरेट मोजून ताब्यात. मग खाद्याचं गोदाम.

तिथं जे पाहिलं त्यासाठी हा लेख लिहितोय म्हटलं तरी चालेल. तीस पोती आडवी, विटांच्या बांधकामासारखी सांधा मोडत, केबिनकडं थोडी जास्त. दोन फुटांत सगळं वजन बसलं. वर ताडपत्री, म्हणजे डाळिंबाचा ओलावा खाद्याला लागायला नको. ताडपत्रीवर कॅरेट, चार थर, कडेची उलटी घातलेली, दोर अडकावा म्हणून. शेवटी दोराचा फास टाकून दाजी त्याला अक्षरशः लोंबकळले. फाळका लागला. दीड टन पोती आणि शहात्तर कॅरेट, एकाच हौद्यात, एकाच फेरीत. ठिबकची बंडलं घेतली असती तर कॅरेट ठेवायला जागाच उरली नसती, हे मला तेव्हा दिसलं.

मोगराळे घाट चढताना गाडी कण्हली, पण गरम झाली नाही. गोंदवल्यात पोती उतरली, पैसे आधी. धुळदेवला पोचेपर्यंत चार वाजले. कॅरेट पंच्याहत्तर शाबूत, एकाची कड तुटलेली. आबांनी ते बाजूला ठेवलं, काही बोलले नाहीत. वहीत शिल्लक 2,600. हप्ता-विमा वजा जाता 1,950, चोवीस तासांचे.

दुष्काळात हे गणित पार उलटतं. 2012-13 मध्ये आणि पुन्हा 2019 ला म्हसवडला माणदेशी फाउंडेशनची चारा छावणी उभी राहिली तेव्हा वैरण आत येत होती, बाहेर जायला काही नव्हतं. टेंभू योजनेचं पाणी आटपाडीकडं आल्यापासून बागा वाढल्या आणि भाडीही. तरी पाऊस पडला नाही की पिकअपवाल्याचा हप्ता बागायतदाराच्या आधी थकतो.

डाळिंबवाल्यांना एक विनंती आहे. गाडी सांगायची तर दुपारी सांगा, रात्री नऊला नको. आणि कॅरेट कुणाचं तेही आपणहून सांगा. दुपारी सांगितलंत तर गाडीवाल्याला परतीचा माल शोधायला वेळ मिळतो आणि तुम्हाला पन्नासनं गाडी मिळते. रात्री नऊला सांगितलंत तर तो जाऊन-येऊनचं डिझेल तुमच्याच कॅरेटवर लावणार, आणि ते त्याला लावावंच लागतं.