आधी ऐका, मग बोला!
संकटाच्या वेळी वायरलेसवर बोलायचे असते, तेही एक शास्त्र आहे

२३ फेब्रुवारी २०१० च्या दुपारी बेंगळुरूच्या जुन्या विमानतळ रस्त्यावरील कार्लटन टॉवर्स या इमारतीला आग लागली. धूर जिन्यांतून वर चढला, माणसे वरच्या मजल्यांवर अडकली. जीव वाचवण्यासाठी काहींनी खिडक्यांतून उड्या घेतल्या. या दुर्घटनेत ९ जणांचे प्राण गेले.

अशा वेळी धुरात शिरलेल्या जवानाला काय काय कळायला हवे? कोणत्या मजल्यावर माणसे आहेत, कोणता जिना मोकळा आहे, शिडी कुठे लागली आहे. ही माहिती आत-बाहेर नेणारा त्याचा एकच सोबती असतो, तो म्हणजे हातातील वायरलेस संच.

मोबाईल असताना हा संच कशाला?

मोबाईलचा एक टॉवर एका वेळी ठराविकच संभाषणे पेलू शकतो. संकट आले की सगळे गाव एकदम फोन करू लागते आणि टॉवरची कोंडी होते. वीज गेली, पुराचे पाणी शिरले, तर टॉवरच बंद पडतो. शिवाय फोन दोघांतच बोलतो. वायरलेसवर एकाने सांगितलेले त्या चॅनेलवरील सर्वांना त्याच क्षणी ऐकू जाते. दहा जणांना दहा फोन करावे लागत नाहीत.

पोलिसांनी हे फार पूर्वीच ओळखले. अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात १९२८ साली पोलिसांच्या गाड्यांत रेडिओ बसले, पण त्यांवर फक्त ऐकता येई. १९३३ साली न्यू जर्सीतील बेयॉन येथे गाडीतून उत्तरही देता येऊ लागले. आपल्या देशात १९५४ साली बेंगळुरूजवळच्या जालहळ्ळी येथे भारत इलेक्ट्रॉनिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला, आणि सैन्यासाठी संदेशवहनाची साधने देशातच तयार होऊ लागली.

एका वेळी एकच

साध्या वॉकीटॉकीत बोलणे आणि ऐकणे एकाच वेळी होत नाही. बटण दाबले की संच बोलतो, सोडले की ऐकतो. दोघांनी एकदम बटण दाबले तर कर्कश आवाज येतो, किंवा ज्याची लहर जोरदार त्याचेच ऐकू येते. एखाद्याचे बटण चुकून दाबलेले राहिले तर सगळा चॅनेल अडतो. म्हणून पहिला नियम असा : आधी ऐका, मग बोला.

बटण दाबल्यावर एक सेकंद थांबावे, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. संच तोंडापासून तीन-चार बोटे दूर धरावा आणि नेहमीच्या आवाजात बोलावे. ओरडल्याने आवाज लांब जात नाही, फक्त फाटतो. आधी ज्याला हाक मारायची त्याचे नाव, मग आपले. समजा, आगीच्या जागेवरून बोलणे चालले आहे :

‘कंट्रोल, कंट्रोल, मी बंब दोन. ओव्हर.’

‘बंब दोन, बोला. ओव्हर.’

‘चौथा मजला. पूर्वेचा जिना बंद. सहा माणसे अडकली. लांब शिडी पाठवा. ओव्हर.’

‘चौथा मजला, पूर्वेचा जिना बंद, सहा माणसे, लांब शिडी. पाठवतो. आउट.’

कंट्रोलने संदेश जसाच्या तसा परत म्हणून दाखवला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. चूक असेल तर ती तिथेच पकडली जाते. ‘ओव्हर’ म्हणजे ‘माझे झाले, आता तुम्ही बोला’. ‘आउट’ म्हणजे ‘बोलणे संपले’. सिनेमातील नायक ‘ओव्हर अँड आउट’ म्हणतो खरा, पण त्याचा अर्थ ‘बोला आणि बोलू नका’ असा होतो! ‘रॉजर’ म्हणजेही ‘हो’ नव्हे, तर ‘संदेश मिळाला’ एवढेच.

आकडे सुटे सांगावेत. खरखरीत ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ यांत फरक कळत नाही. ‘पाच-नऊ’ आणि ‘सहा-नऊ’ यांत कळतो. इंग्रजी अक्षरांसाठी बी म्हणजे ब्राव्हो, डी म्हणजे डेल्टा, पी म्हणजे पापा असे शब्द जगभर ठरलेले आहेत. बेंगळुरूत तर पत्ताही पूर्ण सांगावा लागतो. ‘पाचवा मेन, आठवा क्रॉस’ एवढ्याने भागत नाही, कारण असे मेन आणि क्रॉस वसाहतीवसाहतीत आहेत.

न दाबलेले बटण

हातातील संचाच्या लहरी बहुधा सरळ रेषेत जातात. काँक्रीट, लोखंड आणि तळघरे त्यांना अडवतात. त्यावर उपाय म्हणजे रिपीटर. हे यंत्र उंच जागी बसवतात. ते दुबळा संदेश पकडते आणि जोरदार करून पुन्हा सोडते.

पण यंत्र असून भागत नाही. न्यूयॉर्कच्या जागतिक व्यापार केंद्रात १९९३ च्या बॉम्बस्फोटानंतर अग्निशमन दलासाठी रिपीटर बसवला होता. ११ सप्टेंबर २००१ रोजी तो चालू झालाही. पण उत्तर मनोऱ्यातील मुख्य संचावरून बोलण्यासाठी आणखी एक बटण दाबणे आवश्यक होते, ते दाबलेच गेले नाही. रिपीटर बिघडला असे समजून अधिकाऱ्यांनी तो वापरणे सोडले, असे चौकशी आयोगाला आढळले. बाहेर पडण्याचा हुकूम उत्तर मनोऱ्यातील अनेक जवानांपर्यंत पोहोचला नाही. त्याची कारणे अनेक होती, पण सरावाचे मोल सांगायला हे एक उदाहरण पुरे आहे. त्या दिवशी अग्निशमन दलाचे ३४३ जण मृत्युमुखी पडले.

छंद कामी येतो

सरकारी यंत्रणाही कोलमडते तेव्हा हौशी रेडिओवाले, म्हणजे ‘हॅम’, धावून येतात. १९९३ च्या लातूर-किल्लारी आणि २००१ च्या गुजरात भूकंपात त्यांनी संदेश पोहोचवले. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आपल्या चमूसह हॅम रेडिओच्याच मोहिमेवर पोर्ट ब्लेअरमध्ये होत्या. त्यांचे संच लगेच मदतकार्याला लागले आणि अंदमानातील माणसांची खुशाली मुख्य भूमीवरील नातलगांना कळू लागली.

बेंगळुरूत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हॅम्स ही संस्था या छंदाचे शिक्षण देते. सरकारी परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. बारा वर्षांच्या मुलालाही तो मिळू शकतो. शाळकरी मुलांना सुटीत गुंतवायला याहून उपयोगी छंद क्वचितच सापडेल.

घरकुल संस्थांनाही हे जमण्यासारखे आहे. सप्टेंबर २०२२ च्या पुरात बेंगळुरूच्या काही वसाहतींतील रहिवाशांना ट्रॅक्टर आणि होड्यांतून बाहेर काढावे लागले. अशा वेळी दोन फाटकांवर आणि गच्चीवर एकेक संच असला तर केवढी धावपळ वाचेल! २०१८ च्या नियमांनुसार ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यातील कमी शक्तीचे मान्यताप्राप्त संच परवान्याशिवाय वापरता येतात. इतर संच मात्र परवान्याविना वापरणे गुन्हा आहे. विकत घेण्याआधी तेवढे तपासून घ्यावे.

आणि संच घेऊन कपाटात ठेवू नयेत. महिन्यातून एकदा बॅटरी भरावी, पहारेकऱ्यापासून अध्यक्षांपर्यंत सर्वांनी दहा मिनिटे बोलून पाहावे. आग लागल्यावर बटण शोधायला कोणालाच सवड नसते.