लॉ कॉलेजचं गणगोत: वर्गापासून भातकुलीच्या धुऱ्यापर्यंत

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा मजकूर. विषय आहे लॉ कॉलेजातले विद्यार्थी, प्राध्यापक आणि माजी विद्यार्थी यांना एकत्र बांधायचं कसं?

मी भातकुली तालुक्यातला. घरात वकील कोणीच नाही. अमरावतीत लॉला ॲडमिशन मिळते, पुस्तकं मिळतात. पण सनद हाती आल्यावर बसायचं कोणाच्या ऑफिसात? ज्याचे वडील वकील, त्याला उत्तर घरीच मिळते. बाकीच्यांना कॉलेजचंच गणगोत लागते.

आता तुम्ही म्हणाल, घ्या मग स्नेहमेळावा! घ्या की. पण सत्कार, फोटो, जेवण झालं की सगळे आपापल्या गावी. माणसं टिकून राहतात ती सोबत केलेल्या कामानं.

काम कोणतं? आपल्याकडचं रोजचं भांडण घ्या: शेतरस्ता. पाऊस पडला की काळ्या मातीत पाय रुतते, आणि नेमका पेरणीच्या तोंडावर कोणीतरी धुऱ्यावरची वाट अडवते. चालू वाट अडवली असेल तर मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. वाटच नसेल आणि शेजारच्या धुऱ्यावरून मागायची असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम १४३. "पाहू दिवाळीनंतर" म्हणता म्हणता मुदत निघून जाते. तेव्हा वेळेवर विचारायला ओळखीचं माणूस पाहिजे.

इथं तिघांची गरज कशी पडते बघा. विद्यार्थ्याला गाव माहीत, वेळही आहे. पण सनद नाही. प्राध्यापकाला कायदा पाठ. पण पूर्णवेळ पगारी नोकरीत असताना बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिली करता येत नाही. माजी विद्यार्थ्याकडे सनद आहे, वेळ नाही. एकट्यानं कोणाचंच जमत नाही. तिघं मिळून जमते.

सुरुवात शून्यातून करायची नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनुसार प्रत्येक लॉ कॉलेजात विधी साहाय्य केंद्र असावंच लागते. त्यालाच जिवंत करा. महिन्यातून एक शनिवार, एक गाव. विद्यार्थी सातबारा बघून प्रकरण वहीत लिहितील, वाट कोणत्या तारखेला अडवली हे आधी विचारतील. प्राध्यापक त्याच आठवड्यात तपासतील. पुढचं काम माजी विद्यार्थी घेईल आणि निकाल लागला की वर्गात येऊन सांगेल, जिंकला तरी, हरला तरी. फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समिती आहे, १५१०० हा हेल्पलाइन नंबर आहे. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अटही नाही.

एक पथ्य मात्र पाळायचं. शिबिरात कोणी वकिलानं स्वतःची कार्डं वाटायची नाहीत. जाहिरात करून काम मिळवायला वकिलांना मनाई आहे, आणि गावाचा भरवसा एकदा गेला की गेला.

विद्यार्थ्याला काय मिळते? तीन वर्षांच्या कोर्सला किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या कोर्सला २० आठवडे इंटर्नशिप लागते. वहीतून ज्याचं काम वकिलानं पाहिलं, त्याला ऑफिसात बोलवायला शिफारस लागत नाही.

ही साखळी किती लांब जाते? अमरावतीत शिकलेले भूषण गवई १९८५ मध्ये वकील झाले, सुरुवातीला बॅरिस्टर राजा भोसले यांच्या हाताखाली घडले, आणि १४ मे २०२५ रोजी देशाचे सरन्यायाधीश झाले. त्याआधीच्या काळात बॅरिस्टर पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं. वेगवेगळ्या जातींची खेड्यातली पोरं तिथं एकत्र राहून शिकली. आज त्यांच्या नावाचं लॉ कॉलेज शहरात आहे.

तर मंडळी, लॉ करत असाल तर या आठवड्यात एकच करा. तुमच्याच तालुक्यातून पास झालेले तीन वकील शोधा, एका सरांना किंवा मॅडमना सोबत घ्या, आणि पहिला शनिवार ठरवा. पेरणीच्या आधीचा ठरवला तर उत्तम.

भेटू पुढच्या भागात!