‘तातडीने पुढे दाखवा’ : स्त्री-जननेंद्रियांच्या संशयित कर्करोगाची चिठ्ठी आणि अहवालापर्यंतचा काळ

बीजसंज्ञा : गर्भाशयमुख, संदर्भचिठ्ठी, बायोप्सी, गर्भाशय-शस्त्रक्रिया, प्रतीक्षाकाल

प्रास्ताविक

गडहिंग्लजसारख्या तालुक्याच्या गावी स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत, सोनोग्राफी आहे, शासनाचे उपजिल्हा रुग्णालयही आहे. तथापि गर्भाशयमुख, गर्भाशय किंवा अंडाशय यांपैकी कशाबाबतही कर्करोगाची शंका आली, की ‘तातडीने पुढे दाखवा’ अशी चिठ्ठी रुग्णेच्या हाती दिली जाते. ही चिठ्ठी मिळाल्यापासून पेशीतपासणीचा अहवाल येईपर्यंत दोन-तीन आठवडे जातात, क्वचित त्याहून अधिक. रोगाविषयी आणि उपचारांविषयी मराठीत बरेच लेखन झालेले आहे. या मधल्या काळाविषयी मात्र फारसे नाही. वास्तविक पुढील अनेक गोष्टी याच काळात घडतात किंवा बिघडतात. प्रस्तुत लेखात या काळाचाच विचार केला आहे. महाविद्यालयीन अध्यापकांपुढे तो मांडण्याचे कारण उघड आहे. आपल्यापैकी काहींच्या घरी अशी चिठ्ठी आलेली असते, आणि एखाद्या विद्यार्थिनीची आई ती घेऊन ‘सर, यात काय लिहिलंय?’ असे विचारावयास आपल्याकडेच येते.

चिठ्ठीतील प्रश्नचिन्ह

डॉक्टर चिठ्ठीवर प्रथम एक प्रश्नचिन्ह काढतात आणि त्यापुढे रोगाचे संक्षिप्त नाव लिहितात. वैद्यकीय लेखनपद्धतीत या चिन्हाला निश्चित अर्थ आहे : ही शंका आहे, निदान नव्हे. घरातील सुशिक्षित माणसे नेमके हेच चिन्ह वगळून पुढचा शब्द वाचतात आणि रात्रभर भ्रमणध्वनीवर त्या शब्दाचा शोध घेत बसतात. ज्या शंकेचे अद्याप निदानात रूपांतर झालेले नाही, तिच्या चौथ्या टप्प्याचे वर्णन वाचून कोणाचेही हित होत नाही.

इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेने २००० साली असा दंडक घातला, की कर्करोगाची शंका असलेल्या रुग्णास दोन आठवड्यांच्या आत तज्ज्ञाची भेट मिळावी. ऑक्टोबर २०२३ पासून त्या दंडकाची जागा दुसऱ्या निकषाने घेतली : कर्करोग आहे की नाही, हे रुग्णास २८ दिवसांच्या आत सांगितले जावे. तेथे अशा तातडीच्या चिठ्ठीने पाठविलेल्या दहा व्यक्तींपैकी नऊंहून अधिक जणांना कर्करोग नसल्याचेच निष्पन्न होते. हे प्रमाण आपल्याकडे जसेच्या तसे लागू करता येणार नाही. आपल्या स्त्रिया उशिरा येतात, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) ३० ते ४९ वयोगटातील जेमतेम दोन टक्के स्त्रियांनी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी करून घेतल्याचे आढळले. तरीही चिठ्ठी म्हणजे शिक्षा नव्हे, एवढे यावरून म्हणता येते.

लक्षणानुसार शंकेचे वजन बदलते. पाळी कायमची थांबल्यानंतर वर्षाने वा अधिक काळाने पुन्हा रक्त गेले, तर ते थेंबभर असले तरी तपासावेच लागते. परंतु अशा शंभर स्त्रियांत गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग साधारणतः नऊ जणींत आढळतो, असे जगभरच्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण (२०१८) सांगते. पॅप तपासणीत ‘बदल’ दिसणे म्हणजेही कर्करोग नव्हे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगपूर्व बदलांपैकी कित्येक आपोआप मावळतात, आणि जे मावळत नाहीत त्यांना कर्करोगाचे रूप घेण्यास बहुधा दहा वा अधिक वर्षे लागतात. अंडाशयाच्या गाठीबाबत ‘सीए-१२५’ या रक्तचाचणीचा आकडा वाढलेला पाहून घरात रडारड होते. हा आकडा एंडोमेट्रिऑसिसमध्ये, गर्भारपणात, पाळीच्या दिवसांतही वाढतो. आणि आपल्या देशात विशेष लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की पोटाच्या क्षयरोगातही वाढतो. पोटात पाणी, गाठ आणि वाढलेला आकडा असे तिन्ही एकत्र असूनही अखेरीस क्षयरोग निघाल्याची उदाहरणे भारतीय वैद्यकीय नियतकालिकांत वारंवार आली आहेत.

‘तातडी’ म्हणजे किती

तातडी या शब्दाचा अर्थ येथे तासांत नव्हे, दिवसांत मोजावयाचा असतो. रक्तस्राव इतका असेल, की चक्कर येते आणि तासातासाला कापड बदलावे लागते, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. एरवी एक-दोन आठवड्यांच्या आत तज्ज्ञाकडे पोहोचणे पुरेसे असते. मात्र ‘सुगी होऊ दे’, ‘धाकटीचं लग्न उरकू दे’, ‘मुलाची परीक्षा संपू दे’ हे यात बसत नाही. आपल्याकडे चिठ्ठी उतरंडीत जाते ती बहुधा याच तीन कारणांनी. आणि तिन्ही कारणे दुसऱ्यांच्या सोयीची आहेत, हेही नमूद करावयास हवे.

पुढे जाणे किती मोलाचे असते, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात १९९९ साली टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा अभ्यास हाती घेतला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्या गावांत मानवी पॅपिलोमा विषाणूची तपासणी केवळ एकदा करण्यात आली, तेथे आठ वर्षांत या रोगाने होणारे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा जवळजवळ निम्म्यावर आले. या अभ्यासाची चर्चा होते ती चाचणीमुळे. प्रस्तुत लेखकाला महत्त्वाचा वाटतो तो त्यातील दुसरा भाग : चाचणीत दोष आढळलेल्या शेतकरी-शेतमजूर स्त्रिया पुढील तपासणीला आणि उपचाराला गेल्या. त्या घरी बसत्या तर चाचणीने कोणाचेही प्राण वाचले नसते.

‘तुकडा’ आणि ‘पिशवी’

चिठ्ठी घेऊन कोल्हापुरास गेल्यावर गर्भाशयमुखाची भिंगातून पाहणी (कॉल्पोस्कोपी) होते व संशयित जागेचा कणभर नमुना घेतला जातो. लोकभाषेत याला ‘तुकडा काढणे’ म्हणतात, आणि तुकडा काढला की रोग पसरतो, अशी समजूत आपल्या भागात खोल रुजलेली आहे. गर्भाशयमुखाच्या वा अस्तराच्या नमुन्याबाबत ती निराधार आहे. अंडाशयाच्या संशयित गाठीबाबत मात्र सावधगिरी योग्यच ठरते; ती गाठ बाहेरून सुई घालून रिकामी करीत नाहीत, कारण आतील द्रव उदरपोकळीत सांडण्याचा धोका असतो. लोकसमजुतीत सत्याचा अंश असतो तो असा, पण तो भलत्याच अवयवाला चिकटलेला असतो. नमुना घेतल्यावर दोन-चार दिवस थोडे रक्त जाते. ते वाढले वा ताप आला तर परत दाखवावे.

तुकड्याची भीती वाटते आणि ‘पिशवी’ काढण्याची वाटत नाही, हा खरा चिंतेचा विषय होय. ‘तुकडा कशाला, एकदाची पिशवीच काढून टाका, कटकट मिटेल’ हा सल्ला नातेवाईक देतात आणि काही ठिकाणी तो पैसे घेऊन अमलातही आणला जातो. कर्करोगाची भीती दाखवून गर्भाशय काढण्याचे काय होते, हे ऊसपट्ट्यातील वाचकांस वेगळे सांगण्याची गरज नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगार स्त्रियांच्या २०१९ च्या शासकीय पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. बीडहून निघालेल्या तोडणी टोळ्या दर हंगामात कोल्हापूर जिल्ह्यातील फडांवरही उतरतात; तेव्हा हा दूरच्या जिल्ह्याचा प्रश्न म्हणून बाजूला सारता येत नाही. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्र शासनाने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या स्वीकारण्याचा आदेश राज्यांना दिला.

कर्करोग नसताना गर्भाशय काढणे हा अन्याय आहेच. पण तो असताना, आणि असल्याचे ठाऊक नसताना, साधी शस्त्रक्रिया करून टाकणे हे वैद्यकीयदृष्ट्या त्याहून घातक ठरू शकते. गर्भाशयमुखाचा आक्रमक कर्करोग असेल तर भोवतालच्या ऊती व लसीकाग्रंथी यांचा विचार करूनच उपचार ठरतो. रोग किंचित पुढे गेलेला असल्यास शस्त्रक्रियेऐवजी किरणोपचार व त्याजोडीला रसायनोपचार दिले जातात, आणि त्यांतील महत्त्वाचा भाग म्हणजे किरणोत्सारी स्रोत गर्भाशयाच्या पोकळीत काही काळ ठेवणे. पिशवी आधीच काढलेली असेल, तर स्रोत ठेवावयाची ती जागाच उरत नाही. म्हणून चिठ्ठी हाती असलेल्या स्त्रीने एक वाक्य पाठ करून जावे : ‘तुकड्याचा रिपोर्ट आल्याशिवाय ऑपरेशन नको.’

कोणाला, काय सांगावे

अहवाल पतीच्या किंवा मुलाच्या हाती देऊन स्त्रीला ‘साधी सूज आहे’ असे सांगण्याची रीत आपल्याकडे अजून टिकून आहे. तिच्यामागे प्रेम नसते असे नाही. परंतु संमतीपत्रावर सही त्या स्त्रीची असते, आणि प्रवास, उपवास, तपासण्या तिच्याच शरीरावर होतात. लपविलेली गोष्ट तिला रुग्णालयाच्या पाटीवरून कळते, तेव्हा तिच्या सोबतीला कोणीच नसते, कारण सर्वांनी मिळून ती लपविलेली असते.

विषाणूविषयी बोलताना आणखी एक काळजी आवश्यक आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुतांशी मानवी पॅपिलोमा विषाणूमुळे होतो व हा विषाणू लैंगिक संबंधातून पसरतो, एवढेच अर्धवट वाचलेला माणूस घरात संशयाचे विष कालवतो. हा संसर्ग इतका सार्वत्रिक आहे, की विवाहित स्त्री-पुरुषांपैकी बहुतेकांना तो आयुष्यात केव्हातरी होऊन जातो आणि प्रायः एक-दोन वर्षांत नाहीसा होतो. तो केव्हा व कोणाकडून आला, हे कोणतीही चाचणी सांगू शकत नाही. त्यावरून चारित्र्याचा निवाडा करणारा माणूस विज्ञानाचा आधार घेत नसतो.

प्रवास, पैसा आणि रजा

गडहिंग्लजला रेल्वे नाही. कोल्हापूर साठ-सत्तर किलोमीटर, आणि जवळपास तितकेच बेळगाव. त्यामुळे घरात पहिला वाद होतो तो दिशेचा. त्यात कोणी मिरज सुचवितो, कोणी थेट मुंबई. शंकेच्या अवस्थेत टाटा रुग्णालयाच्या रांगेत उभे राहण्याचे कारण नसते. कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले आहे. नमुना घेणे व तपासणे जिल्ह्यातच होऊ शकते. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण २०२३ च्या शासननिर्णयाने राज्यातील सर्व कुटुंबांसाठी वार्षिक पाच लाख रुपयांपर्यंत विस्तारले आहे. तथापि हद्दीपलीकडचे रुग्णालय योजनेत आहे की नाही, आणि निदानपूर्व तपासण्यांचा खर्च त्यात धरला जातो की नाही, हे तेथील आरोग्यमित्राला आधीच विचारावे. एस. टी. मध्ये मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्मे भाडे आहे, ही लहान वाटणारी सवलत चार फेऱ्यांच्या हिशेबात लहान राहत नाही.

नियमित प्राध्यापिकेला रजेचा अर्ज करता येतो. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या सहकारी स्त्रीला प्रत्येक फेरी म्हणजे बुडालेले मानधन. ती तपासणी पुढे ढकलते त्यामागे अनेकदा भीती नसून हा हिशेब असतो. विभागातील इतरांनी तिच्या तासिका आपसांत बदलून घेणे ही गोष्ट कोणत्याही नियमात बसवावी लागत नाही, आणि कारण सांगण्याची सक्ती तर मुळीच करू नये.

सोबत जाणारी व्यक्ती एकच असावी, पण प्रत्येक वेळी तीच असावी. शेवटची पाळी केव्हा आली, रक्त कोणत्या तारखांना गेले, कोणती औषधे चालू आहेत (रक्त पातळ करणारी विशेषतः), पूर्वी कोणत्या शस्त्रक्रिया झाल्या, हे एका कागदावर लिहून न्यावे. मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या गोळ्या कोणाच्या सांगण्यावरून बंद करू नयेत. अहवालास साधारण आठवडा लागतो, कारण नमुना आधी फॉर्मालिनमध्ये मुरवून मेणाच्या ठोकळ्यात बसवितात व मग त्याचे अतिपातळ काप काचपट्टीवर घेतात. विलंब म्हणजे वाईट बातमी असा अर्थ काढू नये. अहवालाच्या प्रतीबरोबर ती काचपट्टी आणि मेणाचा ठोकळाही मागून घ्यावा. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत हवे असल्यास मुंबईला तेवढेच पाठविता येते, रुग्णेला पुन्हा तुकडा द्यावा लागत नाही.