नुसतं बघून कुठे काय होतं?

“ज्यांच्यावर बेतलं त्यांना त्रास होणारच. आपण काय, नुसतं बघतोय.” रायपुरातल्या कितीतरी घरांत हे ऐकलंय, आणि दर वेळी चीड येते.

एप्रिल 2021 आठवा. 3 तारखेला बस्तरमधल्या बिजापूर जिल्ह्यात नक्षलवाद्यांच्या हल्ल्यात 22 जवान गेले. पळवून नेलेल्या ‘कोब्रा’ पथकातल्या जवानाची सुटका 8 तारखेला झाली. 9 तारखेच्या संध्याकाळी रायपूर जिल्ह्यात लॉकडाऊन लागला आणि पडद्यावर तिरंग्यातल्या पेट्यांच्या जागी शवागारं आली. तात्यापाऱ्यातली माझी आत्या तेव्हा पहाटेपासून चॅनल लावून बसायची. घरात कुणाला कोविड नव्हता. तरी रात्री दोनला उठून ती ऑक्सिमीटर बोटाला लावायची, 97 दिसलं की काढायची, पाच मिनिटांनी पुन्हा लावायची. “तुला काय झालंय?” असं विचारणाऱ्यांत मीही होते.

तिला झालं होतं. मनाचे खेळ म्हणून ते उडवून लावू नका. 15 एप्रिल 2013 ला बॉस्टन मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले. त्यानंतर काही आठवड्यांत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या 4,675 जणांची पाहणी केली. पुढचा आठवडाभर रोज सहा तास किंवा जास्त त्याच बातम्या पाहणाऱ्यांमध्ये तीव्र ताणाची लक्षणं प्रत्यक्ष स्फोटाच्या जागी किंवा जवळपास असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली. “ते मुळातच घाबरट असतील,” ही शंका लगेच येते. ती संशोधकांनाही आली होती, म्हणून त्यांनी लोकांचं आधीचं मानसिक आरोग्य हिशेबात धरलं. तरी फरक उरला. एवढ्यावरून कार्यकारण सिद्ध होत नाही, हे खरं. पण याच गटाने लोकांचा पुढे तीन वर्षं माग ठेवला आणि 2019 साली चक्र मांडलं: जास्त पाहिलं की काळजी वाढते, आणि काळजी वाढलेला माणूस पुढची घटना आणखी जास्त पाहतो.

आत्याचं नेमकं हेच झालं. त्यात घटना एकदाच घडते, पडद्यावर मात्र ती दिवसातून चाळीसदा घडते. लाल पट्टी, ढोल, तेच दृश्य. मे 2025 मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या वेळी तर वाहिन्या कार्यक्रमांत हवाई हल्ल्याचा भोंगा वाजवू लागल्या. तो वाजवू नका, असं नागरी संरक्षण विभागाला 10 मे रोजी लेखी सांगावं लागलं. 7 तारखेलाच इथून तासाभरावरच्या भिलाईत भोंगा वाजवून सराव झाला होता. तोच आवाज रात्रीच्या जेवणाच्या वेळी टीव्हीतून आला, तर काळजात धस्स होणार नाही तर काय?

“पण सतत पाहिलं की माणूस सावध राहतो ना!” नाही. ससेक्स विद्यापीठातल्या 1997 च्या एका प्रयोगात नकारात्मक बातम्यांची अवघी 14 मिनिटं पाहून लोकांची उदासी तर वाढलीच, पण बातमीशी संबंध नसलेल्या स्वतःच्या काळज्याही त्यांना भयंकर वाटू लागल्या.

“बंद करणं म्हणजे देशाकडे पाठ फिरवणं.” बंद करा असं म्हणतंय कोण? जागतिक आरोग्य संघटनेने मार्च 2020 मध्ये सांगितलं होतं ते इतकंच: वेळ ठरवा, दिवसातून एकदा-दोनदा, विश्वासार्ह ठिकाणाहून. आपल्या रायपूरच्या माधवराव सप्र्यांनी 1907 साली नागपुरातून काढलेला ‘हिंदी केसरी’ साप्ताहिक होता. आठवड्यातून एकदा वाचणारे त्याचे वाचक काही बेजबाबदार नागरिक नव्हते.

“मुलांना काय कळतं?” लहान मुलाला तेच दृश्य पुन्हा दिसलं, की ते पुन्हा घडतंय असंच वाटू शकतं.

“मन घट्ट करा.” हे ऐकलेला माणूस त्रास सांगायचंच बंद करतो.

आत्याच्या घरी शेवटी रिमोट कपाटात गेला. सकाळी पेपर, संध्याकाळी सातला अर्धा तास बातम्या, मोबाइल रात्री स्वयंपाकघरात. पहिले चार दिवस ती फार चिडली. पाचव्या रात्री ऑक्सिमीटर मागितला नाही. सगळ्यांचं इतक्यात भागत नाही. दोन आठवडे झोप लागत नसेल, छाती धडधडत असेल, तर 14416 फिरवा: ‘टेली मानस’, 2022 पासून चालणारी सरकारी सेवा, मोफत, चोवीस तास, हिंदीत आणि मराठीतही.