म्हाताऱ्या माणसांचा खुराक



गाय दुभती असली की आपण तिची सरकी पेंड चुकवत नाही. नांगरटीच्या दिवसांत बैलांचा खुराक वाढवतो. पण ज्यांनी जन्मभर औत हाकले, खुरपणी केली, त्या म्हाताऱ्या माणसांच्या ताटात काय पडते, हे तुम्ही कधी पाहिले आहे का?

मी पाहिले नव्हते. माझे वडील दुपारी पातळ आमटीत भाकरी कुस्करून खात आणि रात्री चहात. पोट भरत होते; पण मांड्या सुकत चालल्या होत्या. बाजेवरून उठताना हाताचा आधार लागू लागला. ‘वय झाले’ म्हणून आम्ही सोडून दिले. एके पहाटे ते गोठ्यापाशी पडले, खुबा मोडला. पुन्हा शेतावर आले नाहीत. गावोगाव खतांचा हिशेब सांगणाऱ्या मला हा हिशेब उशिरा कळला.

वयाबरोबर स्नायू झिजतातच. पण प्रथिने कमी पडली आणि माणूस बसून राहिला, तर झीज झपाट्याने होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये प्रौढांसाठी वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने सांगितली आहेत. वृद्धांना १ ते १.२ ग्रॅम द्यावीत, असे अनेक तज्ज्ञांचे मत आहे. म्हणजे ५० किलो वजनाच्या आजीला निदान ५० ग्रॅम.

हे घरातच जमते. दिवसभरातल्या ज्वारीच्या तीन भाकऱ्यांतून सुमारे १८ ग्रॅम, ४० ग्रॅम तूरडाळीच्या घट्ट वरणातून ८, ३० ग्रॅम बेसनाच्या पिठल्यातून ६, मूठभर शेंगदाण्यांच्या कुटातून ५, पेलाभर दुधातून ६, वाटीभर दह्यातून ५. वर एक अंडे किंवा वाटीभर मटकीची उसळ, की हिशेब पुरा झाला.

दात नसतील तर उसळ मऊ शिजवावी. सगळे एकाच जेवणात न वाढता तिन्ही वेळांना विभागून द्यावे. डेअरीला दूध घालण्याआधी त्यांचा पेला बाजूला काढावा. मूत्रपिंडाचा आजार असल्यास मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.

नुसत्या खाण्याने भागत नाही. रोज थोडे चालणे हवे, आणि झेपेल तितक्या वेळा बाजेवरून उठणे-बसणे. जवळ कोणीतरी उभे असावे.

घरातली आजी सर्वांत शेवटी जेवते आणि आपल्या वाटणीची डाळ नातवाला देते. आज रात्री तिला आधी वाढा, आणि डाळ तळातली घट्ट वाढा.